राक्षस आणि जवळचा नंबर

चष्मेवाल्यांनी कादंबरी लिहिली, ही बातमी बाजारपेठेत पसरली तेव्हा लोकांनी मोठ्या मनाने त्यांना माफ केलं. माणूस चांगला होता, नंबर अचूक काढत होता. एखादं खूळ चालायचंच.

कादंबरीत एक राक्षस होता. आपण खरोखर अस्तित्वात आहोत की नाही, हे एकदा शास्त्रीय पद्धतीने तपासून घ्यावं म्हणून तो आपण होऊन प्रयोगशाळेत जातो आणि शास्त्रज्ञ त्याला तारखांवर तारखा देत बसतात. पुस्तक विनोदी आहे, असं मुखपृष्ठावर छापलं होतं. ते छापलं नसतं तर बरं झालं असतं, असं नंतर चष्मेवाल्यांना वाटू लागलं.

कारण हसायला कोणी तयारच नव्हतं. विज्ञानाचे मास्तर खास दुकानात येऊन म्हणाले, "राक्षसाबद्दल आपलं काही म्हणणं नाही. पण तुमच्या प्रयोगशाळेत पाणी फार लवकर उकळतं." भूतबाधा उतरवणारे एक गृहस्थ होते, त्यांना विज्ञान पटलं; राक्षस मात्र चहा पितो हे पटेना. "आमच्या अनुभवात नाही," ते म्हणाले. समोरच्या शिंप्याने तर मुळावरच घाव घातला. "अहो, भौतिकशास्त्र म्हणजे भुतांचंच शास्त्र ना? नावातच आहे. मग तुम्ही वेगळं काय लिहिलंत?"

चष्मेवाल्यांनी मग एक युक्ती काढली. जवळचा नंबर तपासायचा जुना तक्ता त्यांनी खणात टाकला आणि त्या जागी कादंबरीतलं सगळ्यात विनोदी पान पुठ्ठ्यावर चिकटवलं. गिऱ्हाईक नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून ते पान वाचू लागलं, की हे भिंगांऐवजी त्याच्या ओठांकडे बघत बसत. लोक वाचत, मान हलवत आणि म्हणत, "हां, आता स्वच्छ दिसतंय."

पण खरी टोचणी निराळीच होती. आई गेल्यावर चष्मेवाल्यांना लहानाचं मोठं केलं ते अक्काने. पहिली प्रत तिला दिली होती. अक्काचं हसू म्हणजे सगळं घर हलवणारं; लहानपणी तिला हसवलं की अभ्यास माफ व्हायचा. ती पुस्तकाबद्दल एवढंच म्हणाली, "छान आहे." पुढे जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा "छान आहे." अक्का शेजारणीच्या पडद्यांनाही छानच म्हणायची. अक्काला हसू येत नसेल तर दुसरं पुस्तक लिहायचं नाही, असं चष्मेवाल्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. लिहिलेली पंचवीसेक पानं दुकानातल्या कपाटावर धूळ खात होती.

एके दिवशी अक्का दुकानात आली. तिच्या चष्म्याची काडी मोडली होती.

"काडी तेवढी बसव, बाळ्या. नंबर-बिंबर काही नको."

"बस गं, अक्का. इतकी वर्षं टाळलंस, आज सोडत नाही."

बाकावर तीन गिऱ्हाइकं बसली होती, त्यामुळे अक्काला भांडता येईना. ती खुर्चीत बसली. चष्मेवाल्यांनी तिच्या जुन्या नंबरची भिंगं घातलेली फ्रेम तिच्या नाकावर चढवली आणि घाईघाईत हातात पुठ्ठा दिला. अक्काने तो डोळ्यांसमोर धरला, पुरेसा वेळ जाऊ दिला आणि मान डोलावली.

"छान आहे."

पुठ्ठा उलटा होता.

गावभर लोकांना दृष्टी वाटत फिरलो आणि आपल्याच दिव्याखाली हा अंधार! राग कुणावर काढावा ते कळेना, म्हणून चष्मेवाले भराभर भिंगं बदलू लागले. एक घातलं, दुसरं काढलं. पुठ्ठा सुलटा केला.

अक्काचे ओठ हलायला लागले. त्या पानात राक्षसाची शेपटी यंत्राच्या दारात अडकते, तो कळवळतो आणि अस्तित्वात नसलेली शेपटी दुखू शकते का यावर शास्त्रज्ञांची चर्चा सुरू होते. चष्मेवाले श्वास रोखून बघत होते. अक्काचा चेहरा हळूहळू लाल झाला. आता फुटणार, त्यांना वाटलं.

"मेल्यांनो, दार उघडा की आधी!" अक्का कडाडली.

बाकावरची तिन्ही माणसं दचकून उभी राहिली.

"अक्का, अगं, विनोदी आहे ते..."

"कसला विनोद? तो बिचारा ओरडतोय आणि हे चर्चा करतायत! पुढे काय झालं? सुटला का तो?"

"तक्ता इथेच संपतो. पुस्तकात आहे पुढचं."

"मग माझा चष्मा कधी देतोस?"

"परवा."

"परवापर्यंत तो तसाच अडकून राहू दे होय?"

असं म्हणून अक्का उठली आणि नाकावरची ती अवजड फ्रेम दोन्ही हातांनी सावरत, पायरी चाचपत, तडक घराकडे निघाली. बाकावरच्या एकाला हसू आवरेना. मग तिघेही हसत सुटले.

"अहो, तपासणीची फ्रेम गेली की! थांबवा त्यांना. आमचं काय?"

"परवा या," चष्मेवाले म्हणाले आणि कपाटावरची पानं काढायला त्यांनी स्टूल ओढलं.