चाकणच्या पेठेतलं फळ्यांचं दुकान

लोक सुट्टीत केरळला जातात. मी पिंपळे गुरवहून चाकणला निघालो. गुरुवार, कंपनीची सुट्टी, गळ्यात नवा कॅमेरा. जुन्या लाकडी इमारतींवरचे चार व्हिडिओ पाहून मी स्वतःला जाणकार समजू लागलो होतो. कुरुळीपाशी ट्रेलरच्या गर्दीत माझी स्कूटर इतकी रेंगाळली, की एका ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "भाऊ, ढकलू का?"

पेठेत वळलो आणि ते दिसलं. खाली सुतळी-दोरखंडाचं दुकान, वर राहतं घर. दगडी तळखड्यांवर (खांबाखालचे बैठे दगड) सागवानी खांब, त्यांवर जाडजूड तुळया. विटा नुसत्या मधली जागा भरायला. सगळा भार लाकडावर. पुढच्या बाजूला दारच नाही. उंबऱ्यातल्या आणि वरच्या तुळईतल्या खाचेत एकेक उभी फळी सरकवत न्यायची, की दुकान बंद. मी हरखूनच गेलो.

गल्ल्यावर साठीच्या सरूमावशी बसल्या होत्या. "फोटू काढा, पन लवकर. शटरवाला मापं घ्यायला येतोय. ह्या फळ्या जायच्यात आता."

मग मी भाषणच ठोकलं: वारसा, कारागिरी, पुढच्या पिढ्या. मावशी उजवा खांदा चोळत ऐकत होत्या.

"झालं? रोज ह्या मीच उचलते. मालक अंगावरनं वारं गेल्यापासनं वरच पडून हायेत. आता जेवायची येळ झाली. तुमीच लावा आतनं फळ्या, मग बोला."

मी बाह्या सरसावल्या. सकाळी काढलेल्या फळ्या भिंतीला टेकून, एकीपुढे एक उभ्या होत्या. मी कंपनीच्या स्टोअरमधला माणूस. आमचा एकच धर्म: आधी आलेला माल आधी बाहेर. म्हणून भिंतीलगतची, सर्वात आधी काढलेली फळी मी ओढून काढली आणि पहिली लावली. मावशी दोरखंड आवरत होत्या. शेवटची फळी तिरकी अडकली. ना आत, ना बाहेर. आम्ही दोघंही आत कोंडलो.

"अवो, शेवटी काढल्याली आदी लावायची असती!"

तेवढ्यात वरून आवाज आला, "सरे, कोन हाय खाली? फळ्या उलट्या लागल्या!"

बाहेर पडायला आता मागचं दारच उरलं होतं, आणि तिथली वाट वरच्या घरातून होती. अरुंद जिना चढताना, ज्या तुळईचं इतकं कौतुक केलं होतं तिच्यावरच माझं कपाळ आपटलं. वर खाटेवर मावशींचे मालक आप्पा पडून होते, आणि चक्क हसत होते.

"हितं पडल्या पडल्या समदं कळतं," आप्पा म्हणाले. "जमिनीतनं आवाज येतो. पैली फळी जोरात. मधीच थांबली, म्हंजी हिचा खांदा धरला." मग मावशींकडे वळून म्हणाले, "म्हनून सांगतो, शटर बसव. आवाज काय, त्याचाबी यील."

मावशींनी पदरानं तोंड पुसलं. "त्याचा एकच यील."

वारशाबद्दल मी इतकं बोललो होतो. त्यात हे कुठेच नव्हतं.

खाली शटरवाल्याने हाक दिली. मावशी खिडकीशी गेल्या. "मापं नकोत, भाऊ. वळखीचा सुतार असला तर धाडा. फळ्या तासून हलक्या करायच्यात."

माझी छाती फुगलेली त्यांनी बरोबर हेरली. "तुमच्या भाषनानं न्हाई हां."

माझी अडकलेली फळी शेवटी शटरवाल्यानेच बाहेरून ठोकून सोडवली.

संध्याकाळी घरी पोहोचलो. आमच्या फ्लॅटचं दार मागे आपोआप मिटलं, अगदी बिनआवाज. बायको स्वयंपाकघरात होती. मी आल्याचं तिला कळलंसुद्धा नाही. मी क्षणभर उभा राहिलो, पुन्हा बाहेर गेलो आणि या वेळी दार चांगलं जोरात लावलं.

"आलात का?" आतून आवाज आला.