मामांची डबल बेल

पुढं धावणारी माणसं जगात पैशाला पासरी मिळतात, पण हौसेनं सगळ्यांच्या मागं राहणारा माणूस मी एकच पाहिला. माझ्या बायकोचे मामा! उभी हयात लाल गाडीवर कंडक्टरकी केली. नोकरी संपली, कंडक्टरकी काही सुटली नाही. लेकानं डोंगरात चालवायची गियरवाली सायकल घेऊन दिली आणि मामा आमच्या रविवारच्या टोळक्यात दाखल झाले. साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, पठारावरून वळसा घालून दुसऱ्या अंगानं उतरायचं आणि पुन्हा साताऱ्यात. फार अवघड नाही, अगदी सोपंही नाही. घाटात एकदा तरी घरचं अंथरूण आठवतंच.

निघण्याआधी मामा बोट नाचवत माणसं मोजणार, शेवटी तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवून म्हणणार, "आन् हे एक." मग सायकलची घंटा दोनदा वाजणार. त्याआधी पायडल मारायची कुणाची टाप नव्हती. एकदाच वाजली की सगळ्यांनी थांबायचं. एसटीचे जुने थांबे आले की ती वाजायचीच. मी एकदा वैतागलो, "अहो मामा, इथं चढणार कोण आहे?"

"चढणारं नसंल पाव्हणं, उतरणारं असंल की कुणी!"

एकदा आमच्यातले एक ढेरपोटे गृहस्थ चढावर लालबुंद झाले, पण थांबा म्हणायची लाज. तेवढ्यात घंटा वाजली. आसपास थांबा कसला, झाडसुद्धा नव्हतं. मामा शांतपणे म्हणाले, "नवीन स्टॉप झालाय." असा हा माणूस!

गेल्या हिवाळ्यात आम्ही पठारावर पोचलो, दम खाल्ला आणि डबल बेलची वाट बघत राहिलो. घंटा काही ऐकू येईना. मामा मागं आहेत म्हटल्यावर मागं वळून बघायची आम्हाला सवयच नव्हती. तसेच उलटे फिरलो. एका वळणावर मामा गुडघा धरून बसले होते. आम्हाला बघून उखडलेच, "गाडी माघारी आणली व्हय रं? माझ्यापायी समद्यांची खोटी!"

"मामा, डबल बेलशिवाय गाडी हलते का?" मी म्हणालो. मामांनी तोंड फिरवलं आणि टोपीनं डोळे पुसले.

डॉक्टरांनी घाट कायमचा बंद केला. पण रविवारी मामा घाटाच्या पायथ्याला हजर असतात, सायकलची काढलेली घंटा हातात घेऊन. मोजतात, डबल बेल देतात. सगळ्यांच्या मागं आता मी असतो. वळसा पुरा करून परत पायथ्याला आलो की तिथल्या चहाच्या टपरीवरून उठून ते पुन्हा मोजतात. बोट माझ्यापर्यंत येतं, सवयीनं स्वतःच्या छातीकडं वळतं आणि अर्ध्यातच खाली येतं. ते मला बघवत नाही. मग मीच मोठ्यानं म्हणतो, "आन् हे एक, मामा."