तोरणमाळच्या सागाची चाकं
अन्याय माझ्या आबांवर, म्हणजे माझ्या वडिलांवर झाला, एकोणीसशे अठ्ठावन्नच्या धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. सागवानाच्या ताज्या भुशाचा वास आला की ती सकाळ अजून समोर उभी राहते. तापीकाठच्या आमच्या गावात जमीनदाराची एक जुनी अमेरिकन मोटार होती, कापडी टपाची, लाकडी आऱ्यांच्या चाकांची. आबा तिचे ड्रायव्हर, आणि लहानगी मी त्यांच्या मागेमागे तिथेच असायचे. त्या दिवशी जुन्या गाड्यांचे दोन शौकीन मुंबईहून ती विकत घ्यायला आले. आबांनी दांडा फिरवून मोटार सुरू केली, अंगणात एक फेरी मारून दाखवली. शौकिनांनी विचारलं, "चाकं अस्सल आहेत ना?" त्यांना अमेरिकेची म्हणायचं होतं. आबांची छाती फुगली. "अस्सल शे साहेब! तोरणमाळनं सागवान, मन्हा हातनं काम!" मागची चाकं कुजली तेव्हा आबांनीच महिनाभर तासून नवी केली होती. शौकीन तोंड फिरवून निघून गेले. "तुले कोनी इचारं व्हतं रे?" म्हणत जमीनदाराने आबांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. निघताना आबांनी उपरण्याने मागचं चाक पुसलं. घरी येताना वाटेत मी रडत होते, तर आबा म्हणाले, "चाक कसं सरळ चालनं, देखं ना बेटा?" पुढे ती मोटार 'सगळं मूळचं' सांगून दुसऱ्याला विकली गेली. आता मी अन्यायाविरुद्ध पत्रकं लिहिते, सभेत ओरडते. तेव्हा मात्र गप्प राहिले. म्हणून तुम्हाला सांगते, ती मोटार कुठे दिसली तर मागच्या चाकावर हात ठेवा आणि मालकाला तोंडावर सांगा, ही चाकं तोरणमाळच्या सागाची आहेत, आणि अस्सल आहेत.