धोतराचे गाऊन

आर्णीत माझं शिवणाचं दुकान आहे, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत एक मशीन आहे. पूर्वी शाळेचे गणवेश, पोलकी, शर्ट सगळं शिवायचो. मग लोक तयार कपडे घेऊ लागले आणि माझ्याकडे पॅन्टची लांबी कमी करणं, चेन बदलणं, साडीला फॉल लावणं एवढंच उरलं. काज-बटणं बायको करायची. मापाची वहीही तीच लिहायची, कारण माझं अक्षर मलाच लागत नसे.

तिला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. यवतमाळला तपासण्या झाल्या, मग नागपूरला औषध सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी आम्ही एसटीनं जायचो. दुसऱ्या खेपेनंतर तिच्या अंगाला कपडा सहन होईना. साडी कमरेला टोचायची, ब्लाउजची शिवण काखेत जाळायची. पुसदला दिलेली आमची मुलगी भेटायला आली तेव्हा दोन तयार गाऊन घेऊन आली, गुळगुळीत, फुलाफुलांचे. बायकोनं त्यातला एक घातला आणि पोरीचं मन राखायला तासभर तशीच बसली. पोरगी आंघोळीला गेली, तशी मला म्हणाली, हे काढून द्या, अंगाची आग होऊन राह्यली.

घरात एक लोखंडी पेटी होती. टाकून द्यायचं म्हणून ठेवलेलं आणि कधीच न टाकलेलं सगळं तिच्यात होतं. विटक्या चादरी, जुने पडदे, माझ्या वडिलांची दोन धोतरं. ती धोतरं धुऊन धुऊन इतकी मऊ पडली होती की हातावर घेतली तर वजन लागत नव्हतं. मी ती उकळत्या पाण्यातून काढली, कडक उन्हात वाळवली आणि जिथं विरली होती तेवढा भाग सोडून कापायला घेतली.

गाऊनच्या सगळ्या शिवणी मी बाहेरच्या बाजूनं ठेवल्या. अंगाला एकही लागायला नको होती. पुढून उघडा, बटण नाही, चादरीच्या पट्टीचे बंद. उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी ठेवून तिलाही बंद लावले, म्हणजे सलाईन लावताना गाऊन काढावा लागणार नाही. उलटा घातल्यासारखा दिसणारा तो कपडा घालून त्या दुपारी ती झोपली. कितीतरी दिवसांनी तिला सलग झोप लागली होती. पुढच्या खेपेला नर्सबाईंनी बाही पाहून विचारलं, हा कुठून घेतला. "आमच्या यायनं शिवला," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल तिला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

पोरगी पुन्हा भेटायला आली तेव्हा मात्र रागावली. आईला फाटक्या धोतरात ठेवता, लोक काय म्हणतील, असं म्हणाली. तिच्या आईनं तिचा हात ओढून गाऊनच्या आत, स्वतःच्या पाठीवर फिरवला. पोरीनं हात काढून घेतला आणि मोरीत जाऊन बराच वेळ नळ सुरू ठेवला.

धोतरांचे तीन गाऊन झाले, मग चादरींचे. दर वेळी माप घ्यावं लागायचं, कारण आधीचा ढगळ व्हायचा आणि झोळ पाठीखाली गोळा होऊन रुतायचा. पहिल्यांदा छाती छत्तीस होती. मग चौतीस. त्यानंतर एकतीस आली तेव्हा तिनं विचारलं, किती. मी म्हणालो, तेवढंच आहे. टेप गुंडाळून खिशात घातला.

"तुमाले खोटं बोलता येत नाई," ती म्हणाली. "टेप मले दिसते."

माझ्या हाताखाली ती एवढी वर्षं मापं लिहीत आली होती. उलट्या बाजूनंही तिला आकडे वाचता यायचे, हे मला कसं सुचलं नाही कोण जाणे. तिनं वही मागितली नाही. मीही ते माप कुठं लिहिलं नाही.

त्यानंतर मी टेप लावलाच नाही. खिडकीच्या पडद्याचं सुती कापड उरलं होतं, निळसर. त्याचा एक गाऊन मी अंदाजानं शिवला, आणि खरं सांगायचं तर अंदाजानंही नाही. हात आपोआप जुन्या छत्तीसवर गेला आणि मी तो अडवला नाही. डॉक्टरांनी तोवर औषध थांबवून घरी न्यायला सांगितलं होतं. मी तिला उठवून बसवलं, गाऊन घातला. तो एका खांद्यावरून घसरला. दुसऱ्या खांद्यावर धरून ठेवला तर पहिल्यावरून घसरला. एवढ्या कापडात ती कुठं आहे ते शोधावं लागत होतं.

"एवढा मोठा काहून शिवला?"

"बरी झाली का अंगाले येईल," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रागावली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर पाणी आणि दुखण्याची गोळी सोडून ती माझ्याशी काही बोलली नाही. अकराव्या दिवशी सकाळी ती गेली.

तिच्या साड्या नात्यातल्या बायकांनी वाटून घेतल्या. गाऊन कोणी घेतले नाहीत. ते कोण घेणार? मुलीनं विचारलं, यांचं काय करायचं, आणि मी सांगण्याआधीच तिनं ते गाठोड्यात बांधून नदीत सोडायला पाठवले. मी नाही म्हणालो नाही.

दोनेक महिन्यांनी गल्लीतल्या एक बाई जुन्या साड्यांची पिशवी घेऊन आल्या. त्यांची सासू अंथरुणाला खिळली होती, पाठीला जखमा झाल्या होत्या. तुमी वहिनीले शिवले होते तसे दोन शिवून देता का भाऊ, म्हणाल्या. साड्या चांगल्या मऊ होत्या. मी हात लावून पाहिल्या आणि म्हणालो की मशीन बिघडलं आहे. मशीनवर तेव्हा कोणाची तरी पॅन्ट अर्धी शिवलेली होती, ती त्यांना दिसत होती. त्या पिशवी उचलून गेल्या. त्या म्हातारीला पुढं काय घातलं, मी विचारलं नाही. आता त्या रस्त्यात दिसल्या की मी खाली पाहून जातो.