आत दुमडलेली कळी

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तिसगावात माझं मेडिकल आहे. दुखण्यावर कुणी अंगारा लावून आलं की मी त्यालाच झापते. तरी हे लिहितेय...

वयात आल्यापासून माझे पाय कमरेपासून घोट्यापर्यंत जाड. नुसता हात लागला तरी दुखायचे. लोक म्हणायचे, खाणं कमी कर. आई त्यांना सुनवायची, "लई खात न्हाई माजी पोर. म्याच वाढते ना तिला." तिचेही पाय तसेच. ती गावातल्या बायकांचे कपडे शिवायची. माझ्या प्रत्येक सलवारीला मांडीशी एक जादा कळी, म्हणजे कापडाची पट्टी, लावायची, कुणाला दिसू नये अशी.

चाळिशीत नगरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं — लिपिडिमा. डाएटने जात नाही, ऑपरेशन करून चरबी काढावी लागते. तरी पुन्हा वाढू शकते. आणि बहुतेकदा आईकडून येतो...

घरी येऊन मी सगळा राग आईवर काढला. "तुझ्यामुळं झालं हे. तुझ्या पायांनी माझं आयुष्य खाल्लं." आई मशीनवर बसली होती. "व्हय," एवढंच म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

आठव्या दिवशी ती अटॅकने गेली. ते आठ दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते.

तीन महिन्यांनी माझं ऑपरेशन झालं. जाताना आईच्या ट्रंकेतून तिचे गाऊन काढले, माझ्या सलवारी आत ठेवल्या, कुलूप मीच लावलं. किल्ल्या पर्समध्ये. पाच दिवसांनी परत येऊन ट्रंक उघडली, तर माझ्या सातही सलवारी मांडीशी लहान केलेल्या. बारीक हातटीप, सुरुवातीला तीन उलटे टाके... आईची सवय. मशीनवरची धूळ तशीच होती. शेजारच्या काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुज्या घराकडं कोन फिरकलंबी न्हाई गं."

एक घालून पाहिली, तर मांडीवर चढेना. पाय सुजलेले होते. मी ट्रंक लावून टाकली.

सूज उतरायला सहा महिने गेले. मग तीच सलवार घातली... बरोब्बर बसली. पाय किती उरतील हे डॉक्टरांनाही आधी सांगता आलं नव्हतं.

सलवार उलटी करून पाहिली. कळी कापलेली नव्हती. घडी घालून आत टिपून ठेवली होती, पुन्हा लागली तर उसवता यावी अशी. चरबी परत वाढू शकते, हे मी आईला सांगितलंच नव्हतं. भांडायच्या नादात राहून गेलं.

हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी सलवार मांडीवर घेऊन मी म्हणाले, "आई, चुकले गं." पण ऐकायला घरात कुणी नव्हतं.