अर्धी रोजरी

प्रार्थनेत आपल्याला काडीचाही रस उरलेला नाही असं गावभर ताठ मानेने सांगणारा, आणि संध्याकाळचे सात वाजले की त्याच प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर होणारा माणूस आमच्या घरमालकांशिवाय उभ्या वसईत दुसरा झाला नसेल. नास्तिक पाहिले होते, भाविकही पाहिले होते. पण देवाच्या दारात रोज जाऊन ‘मला इथे करमत नाही’ असं देवालाच ऐकवणारा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभा राहणारा गृहस्थ मी तेव्हाही एकच पाहिला आणि नंतरही एकच.

नव्वदच्या दशकात मी जव्हारहून नोकरीसाठी आलो. वालीवच्या एका कारखान्यात कारकून होतो, आणि राहायला पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावात, केळीच्या वाडीला लागून असलेली खोली मिळाली होती. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. ही गोष्ट मी पहिल्याच भेटीत जरा जास्तच नम्रपणे सांगितली असावी, कारण त्या दिवसापासून घरमालकांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला ‘बीए’ म्हणायला सुरुवात केली. “बीए, मोटर बंद कर.” “बीए, हा घड जरा धर.” “बीए झालास आणि खिडकी उघडी टाकून जातोस?” पदवीचा इतका रोजचा वापर विद्यापीठालाही अपेक्षित नसेल. मी त्यांना काका म्हणायचो आणि त्यांच्या पत्नीला मावशी.

आवड आणि नेम या दोन गोष्टींची काकांच्या आयुष्यात कधी गाठच पडली नव्हती. वाडीच्या कोपऱ्यात एक चिकूचं झाड होतं. ते झाड उंच होतं, हिरवंगार होतं, आणि त्याने जन्मात एक चिकू दिला नव्हता. काका त्याला रोज सकाळी पाणी घालायचे आणि पाणी घालता घालता शिव्या द्यायचे. “तोडून टाका एकदाचं,” मावशी म्हणायच्या. “का तोडू? फळ द्यायचं की नाही तो त्याचा प्रश्न. पाणी घालायचं तो माझा,” असं म्हणून काका आणखी एक बादली ओतायचे. बिनसाखरेचा चहा त्यांना अजिबात आवडत नसे, तरी डॉक्टरांनी सांगितल्यापासून तोच प्यायचे, आणि प्रत्येक घोटाला तोंड इतकं वाकडं करायचे की पाहुण्यांना आपल्या कपातल्या चहाची भीती वाटायची.

त्यांचा रस कधी आणि कशाने गेला याचं मला फार कुतूहल होतं. गोष्टींची पुस्तकं वाचून माझी अशी समजूत झाली होती की माणसाचं मन देवावरून उडालं, तर त्यामागे एखादं मोठं दुःख असलंच पाहिजे. मी हळूच मावशींना विचारलं. त्या हातातलं सूप खाली ठेवून हसल्या. “कसलं दुःख? सगळं धड आहे म्हणून तर ही थेरं सुचतात.” काकांना विचारलं तर त्यांनी वाडीकडे बोट दाखवलं. “घड उतरला की केळीचा बुंधा वाळतो ना? कुणी मारतं का त्याला? तसंच ते. वाळलं.”

ही बातमी त्यांनी स्वतःच, मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर, चार लोकांदेखत फादरांना दिली होती. फादर तरुण आणि भले होते. ते म्हणाले, “मन लावून प्रार्थना करत राहा, गोडी आपोआप येईल.” काका म्हणाले, “फादर, भूक मेलेल्या माणसाला तुम्ही सांगताय, पोटभर जेव म्हणजे भूक लागेल.” फादरांनी मग त्यांना तीन दिवसांच्या साधनेच्या शिबिरात पाठवलं. तिथे गिटार होती, टाळ्या होत्या, डोळ्यांत पाणी आणणारी गाणी होती. काका परत आले तेव्हा गाव वाट पाहत होतं. “काय व्हायचंय? हात दुखले,” काका म्हणाले. “डोळे मिटून शेजाऱ्याचा हात धरा म्हणाले. शेजारी कोण, तर माझ्या बांधावरून केळी कापून नेणारा. मग मात्र मी हात असा धरला की तीन दिवस सोडला नाही. शिबिराचा फायदा झाला तो एवढाच.”

आणि तरी संध्याकाळी सात वाजता ते नाक्यावरच्या क्रूसापाशी असत. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात वारा अडवायला पत्र्याचा डबा, पावसाळ्यात काखेत छत्री. तिथे रोज रोजरी व्हायची, म्हणजे मणी ओढत म्हणायची जपाची प्रार्थना. तिची रीत अशी की ‘नमो मारिया’चा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा आणि दुसरा, ‘आम्हा पापी लोकांसाठी विनंती कर’ हा, बाकीच्यांनी उत्तरादाखल म्हणायचा. पहिला अर्धा काकांचा, त्यांच्या वडिलांपासून चालत आलेला. उत्तर द्यायला एके काळी आख्खी आळी असायची, रोजरी संपली की उकडलेले चणे वाटले जायचे. मग घरोघरी केबल आली, नेमक्या सातच्या मालिका आल्या, आणि ज्यांना प्रार्थनेत अतिशय रस होता ते सगळे एकेक करून घरी बसले. उरले ते फक्त रस नसलेले काका.

पण गंमत पुढेच आहे. एकटे पडल्यावरही काका आपलाच अर्धा म्हणायचे. तो झाला की थांबायचे. दुसऱ्या अर्ध्याला लागतो तेवढा वेळ गप्प उभे राहायचे, मग एक मणी पुढे सरकवून पुन्हा आपला अर्धा. कामावरून सायकलने येताना मला हे रोज ऐकू यायचं. एकदा न राहवून म्हणालो, “काका, दोन्ही तुम्हीच का म्हणत नाही?”

“ते माझं नाही. ज्याचं त्याने म्हणावं. मी माझ्या जागेवर आहे.”

दुसरा अर्धा मात्र मला पाठ झाला होता, तो मावशींमुळे. त्या मालिका संपल्यावर घरात बसून एकट्याच दोन्ही अर्धे म्हणायच्या, आणि आमची भिंत पातळ होती. त्यांची भक्ती खणखणीत होती. नवरा नाक्यावर उभा राहून आपलं हसं करून घेतो, एवढंच त्यांचं दुखणं.

माझ्याही खोलीत खुंटीवर एक माळ होती. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी दिली होती, रोज एकदा रामनाम घे म्हणून. सुरुवातीला घेत होतो, मग खुंटीच घेऊ लागली. काकांच्या नजरेतून ते सुटलं नाही. “काय बीए, खुंटी फार जप करते वाटतं?”

“मन लागत नाही, काका.”

“मग मन घरी ठेव. तू जा.”

एका वर्षी गावच्या तरुण मंडळाने क्रूसाला नवा रंग दिला आणि त्याबरोबर कर्णा लावायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष काकांचाच पुतण्या. ओटीवर येऊन अदबीने म्हणाला, “काका, कॅसेट आणलीय. दोन्ही अर्धे आहेत, आवाज गोड आहे, घरबसल्या सगळ्यांना ऐकू जाईल. तुम्हालाही आराम. तुम्हीच म्हणता ना, कंटाळा येतो?”

“येतो. रोज येतो. तुझ्या टेपला येतो का?”

“टेपला कसा येईल?”

“मग तिच्या रोज म्हणण्यात मोठेपणा काय आहे? कंटाळा आला तरी जो उभा राहतो, त्याचं उभं राहणं मोजतात. तुझी कॅसेट तू लग्नात लाव.”

प्रकरण फादरांकडे गेलं. फादरांनी मधला मार्ग काढला. नाक्यावरच्या रोजरीला किमान दोन माणसं हवीत, ते म्हणाले. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायला एक जरी माणूस आला तरी कर्णा नको, नाहीतर बसवा. गावाला वाटलं, आता काका दारोदार जातील. काका कुणाच्याही दारात गेले नाहीत. मावशींनाही म्हणाले नाहीत. त्या महिन्यात चिकूला मात्र नेहमीपेक्षा जास्त शिव्या बसल्या.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी मी नाक्यावर पोचलो, तेव्हा पुतण्या शिडी लावून, वायरचं वेटोळं खांद्यावर घेऊन उभा होता. काकांनी मेणबत्ती लावली, आपला अर्धा म्हटला आणि थांबले. आजूबाजूच्या घरांतून मालिकेचं संगीत येत होतं. मी सायकल कुंपणाला टेकवली आणि दुसरा अर्धा म्हटला. आवाज चिरकला, पण म्हटला.

काकांनी वळून पाहिलं नाही. मणी सरकवला आणि पुढचा म्हटला. मी उत्तर दिलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ते समोर बघतच पुटपुटले, “बीए, ‘पापी’वर एवढा जोर देऊ नको. आपण दोघंच आहोत.”

तेवढ्यात मावशी हातात डाव घेऊन घरातून तरातरा आल्या. “आमच्या घरची रोजरी भाडेकरूने म्हणायची? तेही जव्हारच्या? सर बाजूला.” मी सरलो. त्यांनी डाव माझ्या हातात दिला आणि उत्तर असं दिलं की दोन घरांतले टीव्ही बारीक झाले. पुतण्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग शिडी खांद्यावर टाकून घरी गेला.

त्यानंतर मावशी रोज येऊ लागल्या, मालिका बुडते म्हणून रोज कुरकुरत. मध्येच आणखी दोघं-तिघं यायची, जायची. काकांना गोडी पुन्हा लागली का, असं मी एकदा विचारलं. “छे,” ते म्हणाले, “आता तर दोघांनाही नाही.”

पुढे मी गोखिवऱ्याला स्वतःचं घर घेतलं. जाताना खुंटीवरची माळ काढली. आजही रोज घेतो. मन लागतं असं म्हणणार नाही. लोक म्हणतात, भाव नसेल तर असला जप म्हणजे ढोंग. म्हणोत बापडे. त्यांनी आमचे काका पाहिलेले नाहीत.

काका गेले, त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी मी त्या गावात गेलो. वाडीतल्या चिकूचं आळं ओलं होतं. मावशी क्रूसापाशी स्टुलावर बसल्या होत्या, मेणबत्तीला तोच पत्र्याचा डबा. त्या गप्प होत्या. मला वाटलं, डोळा लागला असेल. मग एकाएकी त्यांनी दुसरा अर्धा म्हटला, मणी सरकवला आणि पुन्हा गप्प झाल्या.

मी शेजारी उकिडवा बसलो. पहिला अर्धा मला येत होता. इतकी वर्षं ऐकलेला. म्हणायला तोंड उघडलं, तोच मावशींनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

“राहू दे, बीए. ते त्यांचं आहे.”

मग काकांच्या अर्ध्याला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ आम्ही दोघं गप्प बसलो, आणि नंतर आमचा अर्धा म्हटला.