आवाज झाला की आवाज होता

“बिफोर ॲक्सिडेंट, देअर वॉज नॉइज,” मोरीसाहेब म्हणाले, आणि भाषांतर करायला उघडलेलं तोंड मी मिटलं.

तळेगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डोमेस्टिक इन्क्वायरी चालू होती. कामगारावर ठपका आला की कंपनी आपल्याच आवारात जी चौकशी करते, ती ही. चौकशी अधिकारी बाहेरचे असतात. इथे पुण्याचे एक वयस्कर वकील होते.

आरोप संतोषवर होता. शिरगावचा क्रेन ऑपरेटर. क्रेनला साखळीने टांगलेली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा भला मोठा लोखंडी साचा, हलवताना साखळी तुटली आणि डायखाली सापडून अशोकभाऊ गेले. संतोषच्याच गावचे, त्याच्याच आळीतले. त्यांनीच त्याला इथे कामाला लावलं होतं. आरोप असा होता, की साखळी तुटण्याआधी तिचा आवाज आला, तरी संतोषने क्रेन थांबवली नाही.

संतोषने चौकशी मराठीतून मागितली होती. मुख्य साक्षीदार मोरीसाहेब जपानी इंजिनिअर. ते बेताच्या इंग्रजीत बोलणार. म्हणून इंटरप्रिटर म्हणून मला लोणावळ्याहून बोलावलेलं.

आता मी का थांबले ते सांगते. इंग्रजीत काही नामं दोन्हीकडे चालतात. मोजता येतात आणि येतही नाहीत. ‘चिकन’ म्हणजे ताटातलं मांस, ‘अ चिकन’ म्हणजे अंगणातली कोंबडी. ‘पेपर’ म्हणजे नुसता कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र. तसंच ‘नॉइज’ म्हणजे गोंगाट, सतत चाललेला. ‘अ नॉइज’ म्हणजे एक आवाज, आला आणि संपला.

साहेबांनी ‘अ’ म्हटलं नव्हतं. म्हणजे गोंगाट. पण जपानी भाषेत हा ‘अ’ नसतोच, आणि साहेब सकाळपासून एकदाही तो बोलले नव्हते. ‘आय सॉ क्रेन’, ‘आय कॉल्ड मॅन’ असंच चाललं होतं. त्यामुळे त्यांच्या मनात काय होतं, ते त्यांच्या वाक्यावरून कळत नव्हतं. आणि मराठीत मला दोन्हींतलं एक निवडणं भाग होतं. आवाज झाला असेल, तर संतोष अडकत होता. गोंगाट असेल, तर सुटत होता.

“लिहा, अपघातापूर्वी आवाज झाला,” एचआर मॅनेजरनी टायपिस्टला सांगितलं.

“थांबा,” मी म्हटलं. “वाक्याचे दोन अर्थ होतात. मला साक्षीदाराला विचारायला हवं.”

“मॅडम, तुम्ही इंटरप्रिटर आहात. प्रश्न विचारायचं काम तुमचं नाही.”

“अर्थ सांगायचं आहे ना? तो मला कळलेला नाही.”

वकीलसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “चहा घेऊ या. मग ठरवतो.”

बाहेर व्हरांड्यात जाधव आले. संतोषच्या बाजूने बोलायला कामगारांनी दिलेला माणूस. माझ्या हातात कप देत हळूच म्हणाले, “मॅडम, गोंगाट व्हता असं सांगा की. खोटं न्हाई ते. शॉपमंदी, मशिनींच्यात, कायम गोंगाट असतोय.”

“असेल. पण साहेब तेच म्हणाले का, हे मला माहीत नाही.”

“पोराच्या पोटावर पाय येईल, मॅडम.”

संतोष कठड्याशी उभा होता. चहा तसाच हातात, गार झालेला. तिशीचा असेल, पण खांदे म्हाताऱ्यासारखे उतरले होते. मला वाटलं, म्हणून टाकावं गोंगाट. व्याकरणही माझ्या बाजूने होतं. कोणी बोट ठेवू शकलं नसतं.

आत गेल्यावर वकीलसाहेब म्हणाले, “एकच प्रश्न विचारा. दोन्ही पर्याय सारखे ठेवून.”

मी विचारलं, “मिस्टर मोरी, वन नॉइज, ऑर नॉइज ऑल द टाइम?” एकच आवाज, की सतत चाललेला?

साहेबांनी डोळे मिटले. मग बोटाचं पेर टेबलावर आपटलं. एकदाच.

“वन. फ्रॉम चेन.”

जाधवांनी मान खाली घातली. मी भाषांतर केलं. “एक आवाज झाला. साखळीचा.” संतोषकडे न बघता केलं. बघितलं असतं तर जमलं नसतं.

टायपिस्टची बोटं थांबली. मग वकीलसाहेबांनीच विचारलं, “हा आवाज आला तेव्हा तुम्ही कुठे होता?”

साहेब म्हणाले, साखळीपाशी. हात पोहोचेल इतक्या जवळ.

“आणि संतोष?”

प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्राच्या पलीकडे. हातात क्रेनचा रिमोट, कानात प्लग. नियमच आहे तसा.

“तिथे हा आवाज ऐकू गेला असता?”

“प्रेस रनिंग. देअर, ओन्ली नॉइज. ऑल टाइम.” या वेळी मला काही विचारावं लागलं नाही. “तिथे नुसता गोंगाट. सतत.”

“तुम्हाला ऐकू आला. तुम्ही काय केलंत?”

साहेबांचा हात तोंडाशी गेला. “आय ओपन्ड माउथ. नो टाइम.” मी भाषांतर केलं, “मी ओरडायला तोंड उघडलं, पण तेवढाही वेळ मिळाला नाही.” ते उठले, संतोषकडे वळले आणि कमरेत वाकले. बराच वेळ तसेच राहिले. संतोष गोंधळून उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

संध्याकाळी गेटवर तो माझ्यासाठी थांबला होता.

“मॅडम, आवाज आलता, असं खरंच म्हनलं त्ये?”

“हो. एक.”

“मला न्हाई आला. आईशप्पत न्हाई. रोज वाटतंय, आला आसंल आन् माजंच ध्यान नसंल.”

“तुम्ही उभे होता तिथे तो पोचलाच नसता. साहेब तेच म्हणाले.”

“वहिनीला सांगाया पायजे,” तो म्हणाला. अशोकभाऊंच्या बायकोबद्दल बोलत होता. अपघातानंतर त्या घराची पायरी तो चढला नव्हता.

आरोप सिद्ध झाला नाही. संतोष कामावर परत गेला, पण क्रेनचं काम त्याने स्वतःहून सोडलं. आता स्टोअरला असतो. वहिनींनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, असं जाधवांकडून कळलं.

मी परस्पर ‘गोंगाट’ म्हटलं असतं, तर साहेब कुठे उभे होते हे कोणी विचारलंच नसतं. संतोष कदाचित तरीही सुटला असता. पण आवाज आला होता का, हे त्याला कधीच कळलं नसतं. या धंद्यात शंका आली की विचारायचं आणि येईल ते उत्तर सांगायचं. ते उत्तर कोणाच्या बाजूचं निघेल, हे विचारण्याआधी मलाही माहीत नसतं.